अकरावी-बारावीच्या परकीय भाषा : आधी पातळी ठरवा, मग धडे लिहा

प्रति,
कनिष्ठ महाविद्यालयांसाठी परकीय भाषांचा अभ्यासक्रम ठरवणारी समिती, महाराष्ट्र राज्य

माननीय अध्यक्ष आणि सदस्य,

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 च्या अनुषंगाने राज्याचे अभ्यासक्रम नव्याने लिहिले जात आहेत. अकरावी-बारावीच्या जर्मन, फ्रेंच आणि जपानीचे घटक मांडताना समितीने एक गोष्ट करावी, अशी या भाषा शिकवणाऱ्या आम्हा शिक्षकांची कळकळीची मागणी आहे. घटक लिहायला बसल्यावर व्याकरणाची यादी आधी काढू नका. घटक संपल्यावर विद्यार्थी त्या भाषेत नेमके काय करू शकेल, ते कितपत जमायला हवे आणि ते आपण कसे तपासणार, हे आधी कागदावर येऊ द्या. व्याकरण, शब्द आणि उतारे त्यानंतर, त्या कामाला लागतील तेवढेच.

आज बहुतेक ठिकाणी उलटे चालते. घटकाचे नाव ‘द्वितीया विभक्ती’ किंवा ‘भूतकाळ’ असते, त्याला एक उतारा जोडलेला असतो, खाली दहा शब्दार्थ, मग गाळलेल्या जागा. विद्यार्थी गाळलेल्या जागा भरतो, ‘माझे कुटुंब’ हा परिच्छेद पाठ करतो आणि भरघोस गुण मिळवतो. हा विषय ‘स्कोअरिंग’ म्हणून घेतला जातो, हे समितीला वेगळे सांगायला नको. पुढे हीच मुले मॅक्सम्युलर भवनात किंवा खासगी वर्गात पुन्हा पहिल्या पायरीपासून पैसे भरून बसतात, कारण समोरच्याने अनपेक्षित प्रश्न विचारला की त्यांना बोलता येत नाही. दोन वर्षे शासनाचा शिक्षक, शासनमान्य पुस्तक आणि मुलांचा वेळ खर्च होऊन ही अवस्था असेल, तर दोष मुलांचा नाही. आपण त्यांना जे करायला सांगितले ते त्यांनी चोख केले आहे.

आणि गरज खरी आहे. महाराष्ट्र शासनाने 2024 मध्ये जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. परिचारिका, वाहनचालक, इलेक्ट्रिशियन अशा कामांसाठी जाणाऱ्याला तिथे विभक्तीचे तक्ते विचारले जात नाहीत. लग्न करून जर्मनीत जोडीदाराकडे राहायला जाणाऱ्यांनाही, काही अपवाद सोडले तर, व्हिसासाठी ए-1 म्हणजे सर्वांत पहिल्या पातळीचे प्रमाणपत्र दाखवावे लागते. त्या ए-1 परीक्षेत स्वतःची ओळख करून देणे, चिठ्ठीवरचा विषय बघून प्रश्न विचारणे, विनंती करणे आणि दुसऱ्याच्या विनंतीला उत्तर देणे हे तोंडी असते. लेखीत एक अर्ज भरायचा आणि तीन मुद्दे घेऊन तीसेक शब्दांचा मजकूर लिहायचा. 100 पैकी 60 मिळाले की उत्तीर्ण. फ्रेंचच्या डेल्फ या प्रमाणपत्र परीक्षेच्या ए-1 मध्ये ऐकणे, वाचणे, लिहिणे, बोलणे यांना प्रत्येकी 25 गुण असतात. उत्तीर्ण व्हायला एकूण 50 लागतात, पण कोणत्याही एका कौशल्यात 5 पेक्षा कमी चालत नाहीत. म्हणजे बोलणे पूर्ण सोडून देऊन पास होण्याची सोयच ठेवलेली नाही.

पातळ्यांची ही भाषा आली युरोप परिषदेच्या 2001 च्या सामाईक संदर्भ आराखड्यातून. ए-1 ते सी-2 अशा सहा पातळ्या, आणि प्रत्येक पातळीवर ‘विद्यार्थी हे करू शकतो’ अशी विधाने. तो आराखडा अभ्यासक्रम नव्हे, हे समितीने मनात पक्के धरावे. त्यात एका भाषेचेही व्याकरण नाही, एकही शब्दयादी नाही. तो फक्त पट्टी देतो, कापड आपल्यालाच बेतायचे आहे. म्हणून त्यातली विधाने जशीच्या तशी भाषांतरित करून ‘अध्ययन निष्पत्ती’ या मथळ्याखाली चिकटवली तर काहीच साधणार नाही. ‘विद्यार्थी दैनंदिन विषयांवर साधा संवाद साधू शकतो’ हे वाचून सोमवारी वर्गात काय करायचे ते कुठल्याही शिक्षकाला कळत नाही.

आता वेळेचा हिशेब. आठवड्याला 45 मिनिटांच्या चार तासिका आणि परीक्षा, सुट्ट्या, स्नेहसंमेलन वजा जाता 26 आठवडे धरले, तर अकरावीत 104 तासिका हाती येतात. ग्योटे इन्स्टिट्यूट (इथली मॅक्सम्युलर भवने तिचीच) ए-1 साठी 45 मिनिटांच्या साधारण 80 ते 200 तासिका सांगते, ए-2 साठी 200 ते 350. शिवाय तिथला वर्ग लहान असतो, आपला साठाचा. बारावीचे वर्ष प्रत्यक्षात त्याहून आखूड. तेव्हा शून्यापासून सुरू करणाऱ्या मुलाला बारावीअखेर ‘ए-2 पूर्ण’ असे कागदावर लिहिणे म्हणजे स्वतःची फसवणूक आहे. आमच्या मते जर्मन आणि फ्रेंचसाठी उद्दिष्ट असे असावे : अकरावीअखेर ऐकणे आणि वाचणे ए-1, बोलणे ए-1 च्या अलीकडच्या टोकाला. बारावीअखेर वाचणे ए-2, ऐकणे ए-1 पक्के होऊन ए-2 कडे झुकलेले, बोलणे आणि लिहिणे ए-1 पक्के. चारही कौशल्यांना एकच पातळी लिहिण्याचा हट्ट सोडावा. कळणे नेहमीच बोलण्याच्या पुढे धावते, आणि अभ्यासक्रमाने ते मान्य केले की शिक्षकावरचे निम्मे ओझे उतरते.

जपानीला हेच वेळापत्रक लावू नये. हिरागाना आणि काताकाना या दोन लिप्यांची प्रत्येकी 46 मूळ अक्षरे, त्यावर कांजी. पहिले काही आठवडे लिपीत जाणारच, आणि तोवर बोलण्याचे घटक लिपीवाचून, कानाने चालले पाहिजेत. दुसरीकडे वाक्यरचनेचा धसका आपल्या मुलांना नसतो, कारण क्रियापद शेवटी आणि नामानंतर प्रत्यय हे मराठीत अंगवळणी पडलेले आहे. जपानीबाबत आणखी एक सावधगिरी बाळगावी. जेएलपीटी ही जपानी प्रावीण्याची सर्वांना ठाऊक असलेली परीक्षा बोलणे आणि मजकूर लिहिणे तपासतच नाही. ‘बारावीअखेर एन-5’ (म्हणजे तिची सर्वांत सोपी पायरी) एवढेच उद्दिष्ट ठेवले तर आपण तोंडी कामाला आपल्या हाताने रजा देऊ. जपान फाउंडेशनने 2010 मध्ये आणलेला आपला स्वतंत्र आराखडा युरोपीय पट्टीवरच बेतलेला आहे. जपानीच्या उपसमितीने तो हाताशी घ्यावा.

घटक बांधायचा कसा, ते एका उदाहरणाने सांगतो. अकरावी जर्मन, चौथा घटक, विषय ‘भेट ठरवणे’.

पहिले पाऊल प्रसंग लिहिण्याचे. दोन विद्यार्थी समोरासमोर. प्रत्येकाकडे आठवड्याच्या दिनदर्शिकेचे एक कार्ड, दुसऱ्याला न दिसणारे. दोघांना एकत्र कुठेतरी जायचे आहे. कार्डे अशी केलेली की दोघांचीही मोकळी अशी वेळ एकच निघते. जर्मनमध्ये बोलून दिवस, वेळ आणि भेटायची जागा ठरवायची. शेवटी दोघांनीही एकमेकांना न विचारता आपल्या चिठ्ठीवर ठरलेली गोष्ट लिहायची. दोन्ही चिठ्ठ्या जुळल्या की काम झाले.

दुसरे पाऊल शिक्षक सहसा गाळतात, आणि तिथेच घटक बिघडतो. दोन सहकाऱ्यांनी ए-1 च्या विद्यार्थ्याइतकीच भाषा वापरून हा प्रसंग स्वतः बोलून पाहायचा आणि रेकॉर्ड करायचा. मग तो उतरवून त्यात खरोखर वापरलेल्या रचना अधोरेखित करायच्या. या प्रसंगात निघतात त्या अशा : आठवड्याचे वार आणि त्यांच्यापुढचे ‘आम’, वेळेपुढचे ‘उम’, ‘क्योनन’ म्हणजे शकणे या क्रियापदाची पहिली दोन रूपे, ‘हास्ट डू आम झाम्स्टाग त्साइट?’ असा वेळ आहे का विचारणारा प्रश्न, ‘दा कान इश लायडर निश्ट’ हा नम्र नकार, ‘गेट एस उम झेक्स?’ असा पर्याय, आणि न कळल्यास ‘वी बिटे?’. विलग होणारी क्रियापदे (ज्यांचा पहिला तुकडा सुटून वाक्याच्या शेवटी जातो) दोन-तीनच, ‘आबहोलन’ आणि ‘मिटकोमन’ सारखी. चतुर्थी विभक्ती या संवादात जवळजवळ येतच नाही. मग या घटकात तिचा तक्ता शिकवायचा नाही. पुस्तकातल्या पुढच्या पानावर आहे म्हणून नाहीच. ‘आम’ मध्ये ती दडलेली आहे हे खरे, पण ‘आम झाम्स्टाग’ (शनिवारी) हा जोड तूर्त एकसंध म्हणून शिकला तरी चालतो.

तिसरे पाऊल गुणदानाचे, आणि ते शिकवायला सुरुवात करण्याआधी. 20 गुण असे विभागावेत : ठरवायचे ते ठरले का, याला 8. समोरच्याला बोलणे कळले का, याला 5. दुसऱ्याच्या बोलण्याला खरा प्रतिसाद दिला का, याला 4. अचूकता 3. दिवस, वेळ, जागा तिन्ही ठरले आणि चिठ्ठ्या जुळल्या तर 8 पैकी 8. मध्येच एखादे वाक्य मराठीत किंवा इंग्रजीत घेतले पण काम पुरे झाले, तर 6. तीनपैकी दोनच गोष्टी ठरल्या तर 4. नुसती पाठ वाक्ये म्हटली आणि ठरले काहीच नाही, तर 2. अचूकतेला 3 च का, असे समितीत नक्की विचारले जाईल. ए-1 च्या वर्णनातच असे आहे की समोरचा सावकाश, स्पष्ट बोलतो आणि मदत करायला तयार असतो. अशा संभाषणात नामाचे लिंग चुकले तर कुणाचे काही अडत नाही. वेळ चुकली तर मात्र एक जण स्टेशनवर तासभर उभा राहील, आणि त्या चुकीचे गुण पहिल्याच निकषात कापले गेलेले असतात. ‘वी बिटे?’ म्हणून पुन्हा विचारणाऱ्याचा गुण कधीही कापू नये. न कळता मान डोलावणाऱ्यापेक्षा तो पुढे आहे.

त्यानंतर तासिका. या घटकाला 12 पुरतात. वर्षाला असे आठ घटक बसतात आणि 104 पैकी आठ तासिका चाचपणी आणि उजळणीला उरतात. पहिल्या तासिकेला वर नमूद केलेले रेकॉर्डिंग ऐकवायचे. मुलांनी त्यातून फक्त वार, वेळ आणि ठिकाण टिपायचे. शेवटी आपल्याला हेच करायचे आहे, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळते. दुसरी-तिसरी वार आणि घड्याळाला, चौथी-पाचवी विचारणे, सुचवणे, नाकारणे यांना. सहाव्या तासिकेला मधली तपासणी : सोपी कार्डे, दोन-दोन मिनिटे, शिक्षकाने आठच जोड्यांजवळ थांबून चुका टिपायच्या. सातवी तासिका मुद्दाम मोकळी ठेवायची, त्या चुकांसाठी. नियोजनाच्या तक्त्यात ही मोकळी तासिका छापील असावी. नाहीतर पर्यवेक्षक विचारतात की आज कोणता मुद्दा झाला. आठवीला खरे वेळापत्रक वाचायचे, उदाहरणार्थ जलतरण तलावाच्या वेळा. नववीला विलग होणारी क्रियापदे, दहावीला नव्या जोडीदाराबरोबर सराव आणि तीस शब्दांचा निरोप लिहिणे. अकरावी-बारावी तासिका चाचणीला.

साठ मुलांच्या वर्गात तोंडी चाचणी होणे शक्य नाही, असे म्हणतात. हिशेब मांडून पाहू. 30 जोड्या, जोडीला सहा मिनिटे, एकूण 180 मिनिटे, म्हणजे चार तासिका. वर्षअखेरच्या 20 गुणांच्या तोंडी परीक्षेला हे सहज जमते. प्रत्येक घटकाला चार तासिका देणे परवडणार नाही हे मान्य. म्हणून दर घटकाला 15 जोड्याच तपासाव्यात. दोन तासिकांत त्या होतात, आणि आठ घटकांत प्रत्येकाची पाळी चार वेळा येते. या वेळी कोणाची पाळी, हे आधी सांगू नये. उरलेले विद्यार्थी त्याच वेळात लेखी काम आणि ऐकण्याचा सराव करतात. एरवीच्या तासिकेतही हाच हिशेब लागू आहे. शिक्षकाने एकेकाला उभे करून बोलते केले तर 45 मिनिटांत प्रत्येकाच्या वाट्याला पाऊण मिनिटही येत नाही. दहा मिनिटे जोडीने काम दिले तर सुमारे पाच मिनिटे येतात. गोंगाट होतो, शेजारच्या वर्गाची तक्रार येते. प्राचार्यांना लेखी कळवलेले असले की ती मिटते.

आता जिथे असे प्रयत्न हमखास फसतात त्या जागा. सर्वांत मोठी जागा म्हणजे पाटी बदलणे. धडा जुनाच, वर चौकटीत ‘विद्यार्थी खरेदी करू शकेल’ असे वाक्य, आणि खाली तेच अनेकवचनांचे तक्ते. ओळखायची खूण सोपी आहे. घटकाच्या शेवटच्या चाचणीत चौकटीतले काम होते का, ते बघा. होत नसेल तर चौकट खोटी आहे.

दुसरी जागा प्रकल्पाची. ‘फ्रान्सची ओळख’ या घटकाखाली मुले आठवडाभर पुठ्ठ्याचा आयफेल टॉवर करतात आणि खाली इंटरनेटवरून उतरवलेली चार फ्रेंच वाक्ये चिकटवतात. देखणे असते, भिंतीवर लागते, भाषा मात्र शून्य. संस्कृतीला आमचा विरोध नाही. पण ती कामात मुरलेली हवी : ‘तू’ म्हणायचे की आदरार्थी ‘व्हू’, दुकानात शिरताच ‘बाँझूर’ म्हटले नाही तर काय वाटते, हे त्या प्रसंगातच शिकवले जावे आणि त्यालाच गुण असावेत.

तिसरी जागा पाठांतराची, आणि ती अवघड आहे, कारण पाठांतर वाईट नसते. पहिल्या वर्षी तयार वाक्ये पाठच असावी लागतात. प्रश्न तपासण्याचा आहे. सरावलेले काम करून दाखवणे वेगळे आणि न सरावलेल्या प्रसंगात निभावणे वेगळे. म्हणून प्रत्येक तोंडी चाचणीत परीक्षकाने एक अडचण आयत्या वेळी टाकावी : ‘ते हॉटेल रविवारी बंद असते.’ विद्यार्थ्याने एका शब्दात का होईना, तोडगा काढला तर पातळी खरी.

उताऱ्यांबाबत एकच सांगणे. अस्सल मजकूर सोपा करून लिहू नका, त्यावरचे काम सोपे करा. जर्मन रेल्वेचे खरे वेळापत्रक ए-1 च्या मुलापुढे खुशाल ठेवा, पण त्याला फक्त सुटण्याची वेळ आणि फलाट शोधायला सांगा. बारावीला त्याच कागदावर गाडी कुठे बदलायची ते विचारा.

शब्दांचे गणितही उघड मांडावे. ग्योटेच्या ए-1 यादीत सुमारे 650 शब्द आहेत. आठ घटकांत ते वाटले तर घटकामागे ऐंशीच्या आसपास येतात. यातले सगळे बोलता यायला हवेत असे नाही. 35 ते 40 शब्द तोंडात बसावेत आणि बाकीचे ऐकून-वाचून ओळखता यावेत. पुस्तकात हे दोन गट वेगळ्या ठशात छापावेत. आणि प्रत्येक घटकाचा किमान पाचवा हिस्सा मागच्या घटकांच्या पुनर्वापराचा असावा. पहिल्या घटकात शिकलेले अंक पुन्हा सहाव्या घटकात किमती म्हणून येणार असतील, तर मधल्या चार घटकांत ते फोन नंबर, पत्ता, वय म्हणून यायला हवेत. नाहीतर ते विसरणारच.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी एक आग्रह. या विषयांची पुस्तके आणि सूचना इंग्रजीतून असतात, आणि त्यामुळे मुले जर्मनकडेही इंग्रजीच्या वाटेने जातात. ‘हाल्प झीबन’ म्हणजे साडेसहा, पण इंग्रजीतून विचार करणारा विद्यार्थी साडेसात लिहितो. चिठ्ठ्या न जुळण्याचे हे सर्वांत नेहमीचे कारण. आपण पावणेसात म्हणतो तेव्हाही येणाऱ्या तासाचेच नाव घेतो, एवढे दाखवून दिले की गाठ सुटते. जर्मन एकवीसही आपल्या एकवीससारखाच आधी एक आणि मग वीस म्हणतो. तीन लिंगे तर आपल्याकडे आहेतच. नामांची लिंगे जुळत नाहीत, पण तीन असू शकतात याचे आश्चर्य वाटत नाही. क्रियापद दुसऱ्या जागी येणे मात्र मराठीत नाही आणि इंग्रजीतही तसे नाही, म्हणून ‘आम झाम्स्टाग इश कान निश्ट’ (‘कान इश’ हवे) ही चूक सगळेच करतात. तिच्यासाठी वेळ राखून ठेवावा लागतो. शिक्षक हस्तपुस्तिकेत प्रत्येक घटकाखाली अशा टिपा मराठीतून असाव्यात, आणि पुस्तकातल्या सूचना इंग्रजीबरोबर मराठीतही.

याच ओघात अनुवादाच्या प्रश्नाबद्दल. तो काढून टाकू नये, बदलावा. युरोपीय आराखड्याच्या 2020 च्या पूरक खंडात मध्यस्थी या कौशल्याला सविस्तर जागा दिलेली आहे : एका भाषेतली माहिती जिला ती येत नाही अशा व्यक्तीला तिच्या भाषेत पोचवणे. तेव्हा ‘पुढील पाच वाक्यांचा अनुवाद करा’ ऐवजी असे विचारता येईल : दवाखान्याच्या दारावर ही जर्मन पाटी आहे, तुमच्या आजीला मराठीत सांगा की आज डॉक्टर भेटतील का आणि नसतील तर कधी यायचे. गुण शब्दाला शब्दाचे नाहीत, आजीला योग्य माहिती मिळाली याचे. आपल्या मुलांना परदेशात आणि इथल्या नोकरीतही हेच काम सर्वाधिक पडते.

अकरावीच्या वर्गात एक अडचण दरवर्षी येते. काही मुले शाळेत पाच-पाच वर्षे जर्मन शिकून आलेली, काही पाटी कोरी असलेली. आधी शिकलेली सहा महिने कंटाळतात आणि कोरी पाटी असलेली घाबरून मागे पडतात. वेगळ्या तुकड्या करायला शिक्षक नाहीत हे आम्हाला ठाऊक आहे. पण प्रसंग एक आणि कार्डे दोन, हे जमते. भेट ठरवण्याच्याच प्रसंगात अनुभवी विद्यार्थ्याच्या कार्डावर ‘आधी ठरलेली भेट कारण सांगून पुढे ढकला’ असे लिहावे. हे काम ए-2 चे आहे. त्यासाठी वर्षारंभी अर्ध्या तासाची चाचपणी पुरेशी आहे : एक छोटा उतारा, एक ध्वनिफीत, तीन ओळी लेखन. हस्तपुस्तिकेत दोन्ही पातळ्यांची कार्डे तयार मिळाली तर शिक्षक ती वापरतील. स्वतः करायला सांगितली तर बहुतेक करणार नाहीत. पाच तुकड्यांचे पेपर तपासणाऱ्याकडून ती अपेक्षाही धरू नये.

परीक्षा बदलली नाही तर वरचे सगळे वाया जाईल. मुले आणि पालक प्रश्नपत्रिकेचा आराखडा आधी बघतात, अभ्यासक्रम नंतर, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. 80 गुणांच्या लेखीत निदान निम्मे गुण कामांना असावेत : निरोप, अर्ज, पाटी वाचून निर्णय, मध्यस्थी. सुटे व्याकरण 15 गुणांपलीकडे नको. ऐकण्याची परीक्षा लेखीच्या दिवशी हजारो केंद्रांवर घेणे कठीण असेल, तर ती 20 गुणांच्या तोंडी परीक्षेत घ्यावी : आठ गुण ऐकण्याला, बारा बोलण्याला. त्या बारा गुणांसाठी घटकातल्या 20 गुणांचीच वाटणी त्याच प्रमाणात घ्यावी. ध्वनिफिती आणि प्रसंगकार्डे मंडळाकडून त्याच दिवशी ऑनलाइन यावीत, म्हणजे आपलाच संवाद आपणच तपासला असे होणार नाही.

आणि गुणदान सर्वत्र एकसारखे व्हायचे असेल, तर निकषांचा तक्ता छापून भागत नाही. त्याच तक्त्यावर एक शिक्षक 17 देतो, दुसरा 11. उपाय जुना आणि खात्रीचा आहे : प्रत्येक भाषेची विद्यार्थ्यांची दहा रेकॉर्डिंगे, पालकांच्या संमतीने आणि नावे काढून, तज्ज्ञांनी आधी गुण देऊन ठेवलेली. शिक्षकांनी ती प्रशिक्षणात स्वतंत्रपणे तपासायची, मग गुण ताडून पाहायचे, तफावत दोनपेक्षा जास्त असेल तिथे थांबून का ते बोलायचे. याला तीन दिवस लागतात. प्रशिक्षणाचे तीनच दिवस मिळणार असतील, तर आम्ही ते याच कामाला मागू. पीपीटीवरून अध्ययन निष्पत्ती वाचून दाखवण्याला नको.

समितीकडे आमच्या नेमक्या मागण्या इतक्याच. पाठ्यपुस्तकाचे लेखन सुरू होण्याआधी प्रत्येक भाषेचा पातळी-तक्ता, कौशल्यवार आणि वर्षवार, हरकतींसाठी जाहीर करावा. प्रत्येक घटकाचा शेवटचा प्रसंग आणि त्याचे गुणदान धडा लिहिण्याआधी मंजूर करून घ्यावे. लेखकांना ते लिखित स्वरूपात द्यावे आणि ज्या धड्यातून तो प्रसंग साधत नाही तो परत करावा. नमुना प्रश्नपत्रिका पुस्तकाबरोबरच यावी, सत्र अर्धे संपल्यावर नको. पहिल्या वर्षी प्रत्येक भाषेचे दोनच घटक, शहरी आणि ग्रामीण अशा मोजक्या महाविद्यालयांत चालवून बघावेत. तिथल्या शिक्षकांचे मधल्या तपासणीचे टिपण मागवावे आणि ते हाती आल्यावरच उरलेले घटक अंतिम करावेत. ‘भेट ठरवणे’ या घटकाची कार्डे, रेकॉर्डिंगची संहिता आणि गुणतक्ता समितीला हवा असल्यास आम्ही देऊ, आणि पहिल्या सत्रात तो आपापल्या वर्गात चालवून त्याचा अहवाल दिवाळीपूर्वी पाठवू.

आपले,
जर्मन, फ्रेंच आणि जपानी शिकवणारे कनिष्ठ महाविद्यालयीन शिक्षक